मोजक्या खुर्च्यांवर क्लब कसा चालवावा

तुमच्या मैदानात किती माणसं मावतात, तो आकडा कागदावर लिहा. त्याला तिकिटाच्या दराने गुणा, मग हंगामातल्या घरच्या सामन्यांच्या संख्येने गुणा. समजा तीन हजार माणसं, पन्नास रुपयांचं तिकीट आणि दहा सामने. प्रत्येक सामन्याला मैदान काठोकाठ भरलं तरी हातात येतात १५ लाख रुपये. पावसाचा दिवस, परीक्षेचा मोसम, समोर दुबळा संघ, हे सगळं धरलं तर दोन तृतीयांश गर्दी म्हणजे १० लाख. त्यातून मैदानाचं भाडं, पोलीस बंदोबस्त, रुग्णवाहिका आणि पंचांचं मानधन जायचं आहे. आता दुसऱ्या बाजूला पंचवीस खेळाडूंना महिना दहा हजार रुपये, आठ महिने, एवढंच लिहा. ते २० लाख होतात.

लहान फुटबॉल क्लबची सारी अडचण या दोन आकड्यांत आहे. संघ कितीही चांगला खेळला तरी खुर्च्या वाढत नाहीत, आणि चांगला खेळला की खेळाडूंचे भाव मात्र वाढतात. म्हणून क्लबच्या कार्यकारिणीने हंगामाच्या आधी हा कागद सर्वांसमोर ठेवावा आणि मान्य करावं की गेटवर क्लब चालणार नाही. हे मान्य केलं की पुढचे प्रश्न नीट विचारता येतात. मैदानाबाहेरच्या माणसांकडून काय मिळेल? सामना नसलेल्या दिवसांत मैदान काय मिळवून देईल? आपण घडवलेला पोरगा मोठ्या क्लबात गेला तर आपल्या पदरात काय पडेल?

जगातल्या कितीतरी लहान क्लबांनी या प्रश्नांची उत्तरं शोधली आहेत. कुणी मार खाऊन शोधली, कुणी वेळीच.

स्पेनच्या बास्क प्रांतातलं ऐबार हे जेमतेम सत्तावीस हजार वस्तीचं गाव. डोंगरांच्या घळीत वसलेलं, कारखान्यांचं. एके काळी बंदुकांसाठी आणि नंतर सायकलींसाठी ओळखलं जाणारं. तिथला क्लब २०१४ मध्ये पहिल्यांदा स्पेनच्या अव्वल लीगमध्ये पोहोचला तेव्हा त्याच्या इपुरुआ मैदानात पाच-सहा हजार माणसं बसत. क्लबवर कर्ज नव्हतं. तरीही स्पॅनिश नियमांनुसार त्याचं भागभांडवल अपुरं ठरलं. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आणखी सुमारे १७ लाख २४ हजार युरो उभे करा, नाहीतर खालच्या श्रेणीत जा, असा तो पेच होता. एखाद्या धनिकाने चेक फाडला असता तर काम एका दिवसात झालं असतं आणि क्लब त्याचा झाला असता. ऐबारने पन्नास युरोंचे शेअर विक्रीला काढले आणि एका माणसाला एक लाख युरोंहून जास्तीचे घेता येणार नाहीत अशी मर्यादा घातली. कधीकाळी उसनवारीवर ऐबारकडून खेळलेले शाबी अलोन्सो आणि दाविद सिल्वा या मोहिमेच्या पाठीशी उभे राहिले. हजारो लोकांनी, तेही कितीतरी देशांतून, शेअर घेतले. मुदतीच्या आत रक्कम उभी राहिली. पुढे सलग सात हंगाम हा क्लब बार्सिलोना आणि रियाल माद्रिदच्या लीगमध्ये खेळला.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वरची मर्यादा. पैशाची निकड असताना मोठी रक्कम नाकारण्याची तयारी ठेवणं फार अवघड असतं, आणि लहान क्लब हातचे जातात ते नेमके अशाच वेळी. तुमच्या क्लबला कुणी एकाच माणसाने सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली, तर जरूर बोला. पण तो माणूस उद्या बाजूला झाला तर काय, याचं उत्तर लेखी तयार नसेल तर पुढे जाऊ नका.

आपल्याकडे बहुतेक क्लब आणि तालमी सोसायटी किंवा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांना शेअर विकता येत नाहीत. पण सभासदत्व विकता येतं, आणि तेच आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिलेलं उत्पन्न आहे. आजीव सभासद, वार्षिक सभासद, विद्यार्थी सभासद असे तीन-चार दर ठरवा. वर्षाला पाचशे रुपये देणारे दोन हजार सभासद म्हणजे १० लाख, अर्थात वरच्या हिशेबातलं सगळं गेट. आणि हे सभासद मैदानात बसलेच पाहिजेत असं नाही. पेठेतून उठून पुण्या-मुंबईला, दुबईला, अमेरिकेला गेलेल्या माणसाला आपल्या संघाची ओढ जास्त असते. फक्त परदेशातून पैसे घेताना एक सांभाळा: भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही, मात्र ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी घ्यायला परकीय देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा परवानगी लागते. जत्रेच्या वर्गणीसारखं हे सैलपणे करू नका. पावती, पॅन क्रमांक, बँक खातं, सगळं पहिल्या दिवसापासून चोख ठेवा.

मैदानाबाहेरच्या माणसाला तिकीट विकता येतं का? येतं. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बी गावातला मरीन हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या पायरीवर खेळत होता. २०२०-२१ च्या हंगामात एफए कपच्या तिसऱ्या फेरीत त्याला टॉटनहॅमसारखा बडा प्रतिस्पर्धी मिळाला, आणि तोही घरच्या मैदानावर. मरीनचं मैदान म्हणजे एका बाजूला घरांची परसं आणि सारी मिळून तीनेक हजार माणसांची जागा. पण १० जानेवारी २०२१ ला महासाथीच्या निर्बंधांमुळे तेवढीही माणसं आत येऊ शकत नव्हती. आयुष्यात एकदा येणारी कमाई हातची जाणार होती. क्लबने दहा पौंडांचं आभासी तिकीट काढलं. ते घेतल्याने मैदानात प्रवेश मिळणार नव्हता, सामना तर बीबीसीवर फुकट दिसणार होता. तरी ३०,६९७ तिकिटं खपली. त्यांत टॉटनहॅमचे चाहतेही मोठ्या संख्येने होते. सामना मरीनने ०-५ असा गमावला, आणि तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळवली.

लोकांनी हे पैसे दया म्हणून दिले असं समजणं चूक ठरेल. त्या दिवशी त्या सामन्याशी आपलं नाव जोडलं जावं असं त्यांना वाटलं, आणि क्लबने त्यासाठी सोपी वाट करून दिली. अशी वाट तयार ठेवणं कार्यकारिणीचं काम आहे. मोठा सामना ठरला की अठ्ठेचाळीस तासांच्या आत तिकिटाचं चित्र, पैसे भरण्याचा क्यूआर कोड आणि सहभागाचं प्रमाणपत्र लोकांच्या मोबाइलवर पोहोचलं पाहिजे. सामना होऊन गेल्यावर कुणी पैसे देत नाही.

खुर्च्या मोजक्या असल्या की तिकीट महाग करावं, असं कुणीतरी सभेत हमखास सुचवतं. मला हा उपाय शेवटचा वाटतो. पन्नासचं तिकीट शंभर केलं तरी वरच्या उदाहरणातल्या दोन तृतीयांश गर्दीवर फार तर १० लाख वाढतील, आणि बापाबरोबर येणारं पोर घरी राहील. ते पोर पुढची चाळीस वर्षं तुमचा प्रेक्षक, सभासद, कदाचित प्रायोजक होणार असतं. त्याऐवजी हंगामी पास विका. पास असलेला माणूस दुबळ्या संघाविरुद्धही येतो, आणि पैसे हंगामाच्या आधीच हातात पडतात. ज्याला एखाद्या सामन्याला यायचं नाही त्याने आपली जागा क्लबला परत द्यावी आणि क्लबने ती पुन्हा विकावी, ही सोय करा. लहान मैदानात पासधारकांच्या रिकाम्या खुर्च्या हे उघड नुकसान आहे. एक पथ्य मात्र पाळा: पुढच्या हंगामाच्या पासाचे पैसे या हंगामाच्या थकबाकीत घालू नका. ते एकदा केलं की दर वर्षी करावं लागतं.

सामना नसलेले दिवस

वर्षात ३६५ दिवस, आणि घरचे सामने दहा-पंधरा. उरलेले साडेतीनशे दिवस मैदान काय करतं?

दक्षिण लंडनमधल्या सटन युनायटेडने २०१५ मध्ये आपल्या मैदानावर कृत्रिम गवत बसवलं. नैसर्गिक गवतावर आठवड्यात मोजकेच तास खेळता येतं. कृत्रिम गवतावर सकाळी शाळा, दुपारी महिला संघ आणि रात्री दिव्यांखाली भाड्याने खेळणारे गट, असा दिवसभर वापर होऊ लागला. क्लब गावातल्या लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याची जागा झाला आणि नियमित भाडं मिळू लागलं. २०२१ मध्ये सटन पहिल्यांदाच व्यावसायिक लीगमध्ये चढला तेव्हा नियमाने त्याला ते गवत उखडावं लागलं, कारण त्या लीगमध्ये कृत्रिम गवत चालत नाही. म्हणजे बढतीमुळे एक खात्रीचं उत्पन्न बंद झालं. टर्फ बसवण्याआधी तुम्ही ज्या स्पर्धांत खेळता, आणि ज्यांत पुढे खेळायची इच्छा आहे, त्यांचे नियम वाचा. महाराष्ट्रात शहराशहरांत तासाच्या भाड्याने टर्फ चालतात, मागणी आहे हे उघड आहे; पण क्लबला मुख्य मैदानाला हात लावायची गरज नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत पाच-पाच खेळाडूंचं छोटं टर्फ पुरतं.

बर्लिनचा युनियन हा क्लब याबाबत मला सर्वांत लोभस वाटतो. पैशांअभावी स्टेडियम जुनाट झालं तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी सुमारे १,४०,००० तास बिनपगारी काम करून ते नव्याने उभं केलं. त्याच मैदानात २००३ च्या नाताळात ८९ चाहते गाणी म्हणायला जमले होते. पुढे त्याचा हजारोंचा सोहळा झाला. २०१४ च्या विश्वचषकात चाहत्यांनी घरचे सोफे आणून मैदानावर मांडले आणि शेकडो सोफ्यांवर बसून पडद्यावर सामने पाहिले. आपल्याकडे श्रमदानाची परंपरा जुनी आहे आणि तालमीच्या पोरांना मांडव घालायला शिकवावं लागत नाही. रंगकाम, कुंपण, पायऱ्यांची दुरुस्ती, ठिबकची नळी, यांतला मजुरीचा खर्च वाचवता येतो. मात्र गॅलरीचा भार, छप्पर आणि विजेची जोडणी यांना हौशी हात लावू देऊ नका. तिथं परवानाधारक अभियंत्याचा दाखला हवाच.

घडवलेला खेळाडू

आता जे सांगतो ते बहुतेक लहान क्लबांना ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असूनही कागद नसल्यामुळे हातचं जातं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येचा एक्सटर सिटी २००३ पासून चाहत्यांच्या न्यासाच्या मालकीचा आहे. क्लब तेव्हा कर्जात बुडाला होता. जानेवारी २००५ मध्ये एफए कपात त्याने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० असं रोखलं. त्या गर्दीच्या गेटमधला वाटा आणि घरी झालेला फेरसामना यांतून कर्ज फेडायला मोठा हातभार लागला. पण तो नशिबाचा भाग होता, आणि २०२४-२५ पासून एफए कपाच्या मुख्य फेऱ्यांतले फेरसामने बंद झाल्याने ती वाटही अरुंद झाली. एक्सटरने खरी शहाणी गोष्ट केली ती नंतर. त्याने आपल्या अकादमीत पैसा घातला. तिथं वाढलेला ओली वॉटकिन्स २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकला तेव्हा करारात पुढच्या विक्रीतला वाटा लिहून घेतला. २०२० मध्ये ब्रेंटफर्डने त्याला २ कोटी ८० लाख पौंडांना अॅस्टन व्हिलाला दिलं आणि एक्सटरच्या खात्यात पुन्हा पैसे आले. खेळाडू विकताना आज चार रुपये कमी घ्या, पण पुढच्या विक्रीतला दहा-पंधरा टक्के वाटा मागा. लहान क्लबला हा सौदा जवळजवळ नेहमीच परवडतो.

तुमच्याकडे असा करार करण्याची ताकद नसेल तरी फिफाचा एक नियम तुमच्या बाजूने आहे. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन बदली झाली की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. म्हणजे एखादं पोर बारा ते पंधरा ही चार वर्षं तुमच्याकडे खेळलं आणि पुढे एक कोटीला परदेशात गेलं, तर तुमचे एक लाख होतात. रक्कम लहान दिसेल, पण त्यासाठी तुम्ही नवं काहीच केलेलं नसतं. अट एकच: त्या चार वर्षांत त्याची अधिकृत नोंदणी तुमच्या क्लबच्या नावाने झालेली हवी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणी पद्धतीत पोरांची नावं दर हंगामाला घाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तशी पोरं आपल्या गल्ल्यांत अजूनही आहेत. त्यांचं नाव तुमच्या वहीत असून उपयोग नाही, महासंघाच्या नोंदीत हवं.

प्रायोजक

कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांना गर्दीची वाण नाही. पण शाहू स्टेडियमवरच्या स्पर्धेचं गेट आयोजकांचं. तालमीच्या वाट्याला येतं ते बक्षीस आणि मान. म्हणजे गर्दी असूनही खजिनदाराची अवस्था लहान मैदानवाल्यासारखीच. अशा संघाला प्रायोजक हाच मोठा आधार, आणि तिथं एक गोंधळ नेहमी दिसतो. कंपनीकडे जाऊन आपण ‘सीएसआरमधून जर्सी द्या’ म्हणतो. जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरता येत नाही. मात्र ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ आणि ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणावरचा खर्च धरता येतो. म्हणून दोन वेगळे प्रस्ताव घेऊन जा. जर्सीवरचं नाव आणि फलक यांसाठी जाहिरात विभागाकडे. मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी सीएसआर विभागाकडे. दुसऱ्यासाठी संस्थेकडे बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. ही कागदपत्रं जमवायला वेळ लागतो, म्हणून आजच सनदी लेखापालाला भेटा.

आणि हुल्लडबाजी आवरा. स्टँडमधून बाटल्या पडल्याचा व्हिडिओ फिरला की जर्सीवर नाव असलेला दुकानदार पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

मोठ्या लीगचा पैसा

इंग्लंडच्या बोर्नमथ क्लबचं मैदान साडेअकरा हजारांच्याही आत होतं, तरी तो प्रीमियर लीगमध्ये टिकला, असं उदाहरण कुणी दिलं तर त्याला २०१६-१७ चा हिशेब दाखवा. त्या हंगामात त्याच्या एकूण उत्पन्नात सामन्याच्या दिवसाची कमाई सुमारे ४ टक्के होती. बाकी बहुतेक टीव्हीचा पैसा. ल्यूटनच्या केनिलवर्थ रोडवर बाहेरच्या प्रेक्षकांची वाट घरांच्या रांगेतून जाते आणि आत बाराएक हजार माणसं बसतात. २०२३-२४ च्या एका प्रीमियर लीग हंगामात त्याला दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम लीगकडून मिळाली. पण तो हंगाम संपताच ल्यूटन खाली गेला आणि पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी घसरला. टीव्हीचा पैसा तुम्ही त्या पायरीवर असेपर्यंतच तुमचा. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे जुने क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, कारण लीगची रचनाच बदलू घातली होती. लीग कुणाची, नियम कुणाचे, हे आपल्या हातात नसतं.

म्हणून मानधनाचे करार लिहिताना रक्कम श्रेणीशी बांधा: संघ वर गेला तर वाढ, खाली आला तर आपोआप कपात. जे हमखास येणार आहे, म्हणजे सभासद वर्गणी, पास, भाडं आणि सही झालेलं प्रायोजकत्व, त्याच्याच भरवशावर मानधन ठरवा. बक्षिसाची आणि कपातल्या नशिबाची रक्कम आली तर राखीव निधीत टाका. इंग्लंडच्या बरी क्लबला २०१९ च्या वसंतात बढती मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैशांच्या घोळामुळे लीगमधून त्याची हकालपट्टी झाली. मैदानावर जिंकत असलेला क्लब असा संपू शकतो.

नवी गॅलरी बांधायचा मोह याच कसोटीवर घासून पाहा. ऐबारने इपुरुआ मोठं केलं ते टप्प्याटप्प्याने, आठ हजारांच्या आसपास, आणि अव्वल लीगचा पैसा हातात आल्यावर. सलग दोन हंगाम निम्म्याहून अधिक सामन्यांची तिकिटं संपत असतील तरच अभियंत्याला बोलवा. आहे ते मैदान मात्र काहीही झालं तरी गहाण टाकू नका, विकू नका. ब्रायटनचं जुनं गोल्डस्टोन मैदान संचालकांनी विकलं आणि १९९७ मध्ये क्लब बेघर झाला. दोन वर्षं दुसऱ्या गावात, मग १९९९ पासून २०११ पर्यंत विदडीन नावाच्या अॅथलेटिक्सच्या मैदानात, धावपट्टीपलीकडून सामने पाहत त्याच्या चाहत्यांनी दिवस काढले. तिथूनही क्लबने २००१ आणि २००२ मध्ये सलग दोन बढत्या मिळवल्या, आणि चाहत्यांनी नव्या मैदानाच्या मागणीसाठी गाण्याची तबकडी काढून ती ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सतराव्या क्रमांकावर नेली.

तुमचं मैदान नगरपालिकेचं किंवा संस्थानकालीन ट्रस्टचं असेल तर भाडेकरार काढून पाहा. मुदत कधी संपते, नूतनीकरणाची अट काय, टर्फ किंवा फलक लावायला परवानगी कुणाची लागते, हे येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर घ्या, आणि मुदतीला तीन वर्षं उरली असतील तर नूतनीकरणाचा अर्ज याच महिन्यात द्या.